शाह तहमास्पचा शाहनामा

सोळाव्या शतकात इराणमधील तब्रीझ येथे सफवी घराण्याच्या दरबारात तयार झालेले फार्सी सचित्र हस्तलिखित. फिर्दौसी या कवीने सुमारे १०१० मध्ये पुरे केलेले ‘शाहनामा’ हे इराणी राजांचे महाकाव्य त्यात ७५९ पत्रांवर लिहिलेले असून चित्रे २५८ आहेत. ग्रंथ म्हणून ते आज कोठेही पाहता येत नाही. एक पान न्यूयॉर्कला, दुसरे टोरोंटोला, तिसरे तेहरानला अशी त्याची स्थिती आहे.

काम १५२०च्या दशकात सुरू झाले. शाह तहमास्प १५२४ मध्ये गादीवर आला, आणि पुढे बरीच वर्षे कागद करणारे, सुलेखनकार, सोन्याचे काम करणारे आणि चितारी दरबारी ग्रंथशाळेत या एकाच पोथीवर राबत होते. सुलतान मुहम्मद, मीर मुसव्विर आणि आका मीरक हे त्यांतले प्रमुख चित्रकार. सुलतान मुहम्मदचे ‘गयूमर्सचा दरबार’ हे या साऱ्यांचा मुकुटमणी होय. जगाचा पहिला राजा डोंगरावर बसला आहे, प्रजेने बिबट्याची कातडी पांघरली आहे, आणि नीट पाहिले तर खडकांतूनही चेहरे उमटतात. समकालीन चित्रकार दोस्त मुहम्मदने १५४४ मध्ये लिहिले, की बिबट्याची कातडी पांघरलेल्या लोकांचे सुलतान मुहम्मदचे चित्र पाहून भले भले चित्रकार शरमेने मान खाली घालत. हे पान आता टोरोंटोच्या आगाखान संग्रहालयात आहे. याच दरबारातले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद पुढे हुमायूनकडे आले आणि मुघल चित्रशैलीचा पाया त्यांनी घातला.

१५६८ मध्ये तहमास्पने ही पोथी तुर्कस्तानचा उस्मानी सुलतान दुसरा सेलीम याला नजर केली. १९०३ पर्यंत ती पॅरिसला एदमों द रॉथशिल्ड याच्या संग्रहात पोहोचली होती. १९५९ मध्ये अमेरिकन संग्राहक आर्थर हॉटन याने ती विकत घेतली आणि तिची बांधणी उसवली. चारशे वर्षे एकत्र राहिलेला ग्रंथ एका मालकाच्या इच्छेने सुटा झाला, याची हळहळ कलेच्या इतिहासकारांत आजही आहे. १९७० मध्ये त्याने ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष तेव्हा तो स्वतःच होता. १९७६ मध्ये लंडनच्या लिलावात सात पाने गेली, आणखी काही खासगीत विकली गेली. १९९० मध्ये हॉटन वारल्यावर उरलेली ११८ चित्रे, बिनचित्रांची पाने आणि बांधणी १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर इराणच्या हवाली झाली. बदल्यात तेहरानच्या संग्रहालयातले विलेम द कूनिंगचे ‘वूमन ३’ हे चित्र गेले. २०११ च्या लिलावात एका पानाला ७४ लाख पौंड मिळाले. सुटे पान किती किमती ठरते ते यावरून कळते.

संग्रहालयात पान चौकटीत, काचेमागे, उभे टांगलेले असते. पोथी मात्र पुढ्यात ठेवून, उजवीकडून डावीकडे पाने उलटत पाहायची वस्तू. नस्तालिक लिपीतल्या ओळी चार रकान्यांत उतरत चित्रापाशी येतात, चित्र चौकट मोडून सोन्याचे शिंतोडे उडवलेल्या समासात घुसते, आणि कथा पाठच्या बाजूला पुढे चालू राहते. भिंतीवर ती पाठ दिसत नाही. फार्सी न वाचणाऱ्या प्रेक्षकाला ओळी म्हणजे नक्षीच वाटते, त्यामुळे ग्रंथाचे पान पाहता पाहता युरोपीय अर्थाने ‘चित्र’ होऊन बसते. हॉटनच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दमोत नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्याने चौदाव्या शतकातल्या मंगोलकालीन शाहनाम्याची पाने जाडीतून चिरली आणि दोन्ही बाजू वेगळ्या विकल्या.

रंग आणि कागद प्रकाशाने खराब होतात, म्हणून अशी पाने सुमारे ५० लक्स इतक्या मंद उजेडात काही महिने ठेवून पुन्हा कोठारात नेतात. हा नियम योग्यच आहे, पण त्यामुळे मेट्रोपॉलिटनकडची ७८ चित्रे कायम एकत्र मांडून ठेवता येत नाहीत. तिथली दालने २०११ मध्ये नव्याने उघडली तेव्हा नावातला ‘इस्लामी’ हा शब्द काढून अरब भूमी, तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया आणि उत्तरकालीन दक्षिण आशिया असे प्रदेश नावात घातले गेले. प्रदेशाचे नाव घेतल्याने तब्रीझ आणि इस्तंबूल एकाच धर्माच्या ठशाखाली झाकले जात नाहीत, हा त्याचा खरा लाभ. त्याच वर्षी संग्रहालयाने सर्व २५८ चित्रे क्रमाने छापली. चित्रांच्या मधली नुसत्या मजकुराची पाने मात्र तेहरानला आहेत.