माहुआंगची दांडी आणि माहुआंगचं मूळ

झुडूप एकच, एफेड्रा सिनिका. उत्तर चीन आणि मंगोलियाच्या कोरड्या माळांवर वाढणारं, पानं नावापुरती, सगळा कारभार हिरव्या दांड्यांचा. चिनी वैद्यकात या दांड्या घाम आणायला देतात आणि त्याच झुडपाचं मूळ घाम थांबवायला.

आधी दांडी. तिलाच माहुआंग म्हणतात. इ.स. 200 च्या सुमारास चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांनी दिलेल्या माहुआंग काढ्यात ती दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमधासोबत येते. रोग्याला ताप आहे, हुडहुडी भरलीय, पण घाम येत नाही, अशा वेळी हा काढा. तो पिऊन पांघरूण घ्यायचं आणि हलका घाम येऊ द्यायचा. आधीच घाम येत असेल, तर हा काढा द्यायचा नाही.

दांडीतलं एफेड्रिन 1885 मध्ये जपानच्या नागाई नागायोशींनी वेगळं काढलं. ते मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन, म्हणजे शरीराला चेतवणारं रसायन, सोडवतं. मग हृदयाचे ठोके वाढतात, शरीर जास्त उष्णता तयार करतं आणि वर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्याने ती बाहेर पडायची वाट अरुंद होते. म्हणजे 'घाम आणणारी, म्हणून थंड करणारी' हा हिशेब इथे फसवा आहे. फेब्रुवारी 2003 मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सचा 23 वर्षांचा बेसबॉलपटू स्टीव्ह बेकलर फ्लोरिडात सरावादरम्यान उष्माघाताने कोसळला आणि गेला. वजन कमी करण्यासाठी तो एफेड्राच्या गोळ्या घेत होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एफेड्रिन असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी आली.

मुळात, म्हणजे माहुआंग-गेनमध्ये, एफेड्रिन जवळजवळ नसतंच. त्यात एफेड्राडिन नावाची वेगळी अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीत बनणारी, शरीरावर परिणाम करणारी रसायनं, असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ती रक्तदाब उतरवतात. एफेड्रिन तो चढवतं. रात्री अंथरूण भिजवणारा घाम किंवा अशक्तपणातला घाम यांसाठी हे मूळ भाजलेल्या कालवाच्या शिंपल्यांसोबत देतात. सर्दी-तापाच्या सुरुवातीला मात्र ते वर्ज्य. तिथे घाम हीच उष्णतेची वाट, ती बुजवून कसं चालेल?

वाळवून कापल्यावरही दोन्ही ओळखू येतात. दांडी बारीक, पिवळट हिरवी, पेरांची, उभ्या रेषांची. मोडली की आत तांबूस गर. मूळ तांबडं-तपकिरी, पीळदार, लाकडासारखं, साल सुटणारं. चिठ्ठीत नुसतं 'माहुआंग' लिहिलं असेल, तर दांडीच द्यायची.