उड्डाणपूर्व तपासणी (हेलिकॉप्टर)

उड्डाणपूर्व तपासणी म्हणजे हेलिकॉप्टर सुरू करण्याआधी वैमानिकाने त्याची स्वतः फिरून केलेली पाहणी. वैमानिक तिला ‘प्रीफ्लाइट’ म्हणतात. टाकीतले थोडे इंधन काढून त्यात पाणी किंवा गाळ नाही ना, हे बघतात. तेलाची पातळी, पाती, शेपटीचा रोटर (फिरत्या पात्यांचा पंखा), झाकणांचे खटके यांवरूनही नजर फिरते. महत्त्वाचे नट आवळून झाल्यावर त्यांवर रंगाची रेघ ओढलेली असते; नट व बोल्टवरची ही रेघ जुळत नसेल, तर नट सैल झाल्याची शंका घ्यायची.

नुकतेच देखभालीतून बाहेर आलेले यंत्र सर्वांत भरवशाचे, असा समज असतो. खरे तर काळजी तेव्हाच जास्त घ्यावी लागते, कारण चांगले चालणारे भाग उघडून पुन्हा जोडलेले असतात. ७ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेतील लास व्हेगसजवळ पर्यटकांना घेऊन निघालेले एएस-३५० बी-२ हेलिकॉप्टर कोसळले. वैमानिक आणि चार प्रवासी, पाचही जण ठार झाले. आदल्याच दिवशी त्याची दर १०० तासांच्या उड्डाणानंतरची तपासणी झाली होती. मुख्य रोटरच्या पुढे-मागे नियंत्रणाच्या सर्व्होला (वैमानिकाच्या हालचालीला जोर देणाऱ्या यंत्रणेला) जोडलेला दांडा हवेत सुटला होता.

त्या जोडाला दोन राखणदार असतात: आपोआप घट्ट बसणारा नट आणि तो फिरू नये म्हणून त्यातून घालायची दुपाखी पिन. असा नट हाताने सहज फिरू लागला की तो बाद धरायचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या निष्कर्षानुसार येथे झिजलेला नट पुन्हा वापरला गेला, तर पिन नीट बसवली नव्हती किंवा मुळात घातलीच नव्हती. नंतरची तपासणीही अपुरी पडली. मेकॅनिक आणि तपासनीस या दोघांचा थकवा, तसेच कामाच्या पायऱ्या स्पष्ट लिहिलेल्या नसणे, ही साहाय्यक कारणे मंडळाने नोंदवली.

चुकीचा जोडही काही वेळ टिकतो, म्हणून चाचणी उड्डाण सुरळीत झाले एवढ्यावर विसंबता येत नाही. नियंत्रणाचे भाग उघडले असतील, तर दुसऱ्या अधिकृत व्यक्तीने ते स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत आहे. पण तीही पहिल्याइतकीच दमलेली असेल, तर दुसरी सही कागदावरच राहते. वैमानिकाने नोंदवही वाचून काय उघडले होते ते विचारावे आणि झाकण उघडून, टॉर्च मारून नेमका तोच भाग बघावा.