वर्धापनदिन (प्रायोगिक नाट्यसंस्थांचा)

प्रायोगिक नाटक करणाऱ्या संस्थेने आपल्या स्थापनेची आठवण प्रेक्षकांसह जागवण्याचा दिवस किंवा महोत्सव. जुन्या नाटकाचा पुन्हा प्रयोग किंवा अभिवाचन, एखादे नवे नाटक, हँडबिले-छायाचित्रांचे प्रदर्शन आणि प्रेक्षकांशी गप्पा हे त्याचे नेहमीचे भाग. २५ वर्षांना रौप्यमहोत्सव, ५० ला सुवर्णमहोत्सव, ६० ला हीरकमहोत्सव आणि ७५ ला अमृतमहोत्सव ही नावे रूढ आहेत. पण या क्षेत्रात दहावे-पंधरावे वर्ष साजरे करून घेणे शहाणपणाचे. मराठी प्रायोगिक रंगभूमीला वळण देणारी ‘रंगायन’ १९६० साली सुरू झाली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. तिच्या वाट्याला रौप्यमहोत्सव आलाच नाही.

व्यावसायिक रंगभूमी प्रयोग मोजते. शंभरावा, पाचशेवा, हजारावा प्रयोग जाहिरातीत ठळक अक्षरांत येतो, पाहुणे येतात, सन्मानचिन्हे वाटली जातात. प्रायोगिक नाटक बहुधा वीस-पंचवीस प्रयोगांत थांबते, कधी पाचातच. त्यामुळे इथे प्रयोगांऐवजी वर्षे मोजतात. यातून एक अडचण उभी राहते: ज्याचा उत्सव करायचा ते जागेवर नसते. नेपथ्याच्या फळ्या पुढच्या नाटकात खपलेल्या असतात, कपडे घरोघरी गेलेले असतात, चित्रीकरण बहुधा झालेलेच नसते. जुना प्रयोग शिल्लक असतो तो तेव्हा समोर बसलेल्यांच्या आठवणीत. म्हणून या दिवशी प्रेक्षकाला नुसते निमंत्रित म्हणून बसवणे पुरेसे नाही. तो संस्थेच्या दप्तराचा अर्धा भाग असतो, आणि कार्यक्रमाची आखणी तेवढे लक्षात ठेवून करावी लागते.

तारीख कोणती?

पहिला वाद इथेच होतो. नोंदणीची तारीख, पहिल्या बैठकीची तारीख आणि पहिल्या जाहीर प्रयोगाची तारीख क्वचितच जुळतात. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला, तो प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनतर्फे. ते नाटक पुढे नेणारी थिएटर अकादमी १९७३ सालची. नाटकाची पन्नाशी आणि संस्थेची पन्नाशी अशी वेगवेगळ्या वर्षांत येते. नोंदणीचा कागद धर्मादाय आयुक्तांकडे चालतो, प्रेक्षकांना मात्र त्याच्याशी देणेघेणे नसते. हँडबिलावर छापलेली पहिल्या प्रयोगाची तारीख धरणे सर्वांत सोपे, कारण ती कोणी नाकारू शकत नाही. ती आठवड्याच्या मधल्या वारी आली तर त्या दिवशी तालमीच्या जागेत छोटी बैठक आणि प्रयोग लगतच्या शनिवार-रविवारी, अशी विभागणी करतात. ५ नोव्हेंबर (मराठी रंगभूमी दिन) आणि २७ मार्च (जागतिक रंगभूमी दिन) टाळावेत. त्या दिवशी सभागृहेही अडलेली असतात आणि प्रेक्षकही. जागा शाळेची असेल तर परीक्षांचे वेळापत्रक आधी पाहावे.

जुने नाटक पुन्हा उभे करणे

लेखकाची परवानगी नव्याने घ्यावी लागते. ‘आपलेच नाटक आहे’ हे कारण कायद्यात बसत नाही. हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, पण ती आपल्याला लागू पडते का हे तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, आणि जुन्या संस्थांच्या बाबतीत आता तो बहुधा वारसांकडे असतो. वारस दोन-तीन असतील तर सगळ्यांची लेखी संमती हवी. एकाच्या फोनवरच्या होकारावर तालमी सुरू करू नयेत. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (प्रयोगाआधी संहिता तपासणारे सरकारी मंडळ) जुने प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे का, ते कोणत्या संहितेला मिळाले होते, आणि आज बोलली जाणारी संहिता तीच आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

संहितेत आणखी एक खाच असते. छापील पुस्तक आणि झालेला प्रयोग एकसारखा नसतो. तालमीत वाक्ये गळतात, प्रवेशांचा क्रम बदलतो, शेवट दोनदा लिहिला जातो. म्हणून पुस्तकापेक्षा प्रॉम्प्टरची (विंगेतून नटांना वाक्ये पुरवणाऱ्याची) प्रत शोधावी. पेन्सिलीच्या खुणा, ‘इथे दिवा’, ‘डावीकडून’ असे शेरे तिच्यातच सापडतात. ती नसेल तर मूळ नटांना एकत्र बसवून वाचन घेतात. या बैठकीत दोघांना एकच हालचाल दोन तऱ्हांनी आठवते आणि दोघेही ठाम असतात. अशा वेळी दिग्दर्शकाने निवाडा न करता दोन्ही करून पाहाव्यात. पुढच्या वाक्याला पाय योग्य जागी पडतो ती बहुधा मूळची.

नटांबाबत तीन वाटा आहेत. मूळ संच हयात आणि तयार असेल तर अभिवाचन करावे: संहिता हातात, खुर्च्या अर्धगोलात, हालचाली जेमतेम. बावीस वर्षांच्या नायकाची वाक्ये सत्तरीच्या आवाजात ऐकण्यात विनोदही असतो आणि काटाही येतो. मात्र त्याच संचाने पूर्ण प्रयोगाचा हट्ट धरला तर दुसऱ्या अंकात दम आणि पाठांतर दोन्ही सुटतात. दुसरी वाट पूर्ण नव्या संचाची. तिला तीन-तीन तासांच्या वीस-पंचवीस तालमी लागतात. तिसरी मिश्र, आणि सर्वांत फसवी. जुना नट गती आठवणीतून घेतो, नवा नट समोरच्याकडून घेतो, आणि संवादात एक बारीक फट राहते. ती शेवटच्या आठवड्यात भरत नाही. म्हणून मिश्र संच करायचाच तर जुन्यांना पहिल्या दिवसापासून तालमीला बोलवावे, ‘दादा शेवटचे चार दिवस येतील’ असे ठरवू नये.

समूहावर उभ्या असलेल्या नाटकांत मुख्य पात्रांपेक्षा समूहाला जास्त तालीम लागते. ‘घाशीराम’मधली माणसांची भिंत (ओळीने उभ्या नटांचा जिवंत पडदा) पाहिलेल्यांना हे सांगायला नको. एक जण अर्धी पावली सरकला की सगळी ओळ सरकते, आणि मागे लपलेले पात्र वेळेआधी दिसते.

जागा आणि माणसे

‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि तिथून एक चळवळच उभी राहिली. शाळेचे सभागृह म्हणजे सपाट जमीन, उंच खिडक्या, कर्कश पंखे आणि सकाळच्या प्रार्थनेपूर्वी सगळे रिकामे करून देण्याची अट. आजही अनेक संस्थांचा वर्धापनदिन अशाच जागेत होतो, कारण नाटक त्याच मापाचे असते. आठ फुटांवरून पाहण्यासाठी केलेला अभिनय आठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात नेला की नट आवाज चढवतात आणि नाटक बिघडते. सुवर्णमहोत्सवाच्या उत्साहात मोठे नाट्यगृह घेणे ही हमखास होणारी चूक आहे.

किती माणसे मावतील याचा हिशेब कागदावर करावा. ४० बाय ३० फुटांचे सभागृह १,२०० चौरस फुटांचे. खेळण्याची जागा २० बाय १६, म्हणजे ३२० गेले. प्रवेशाची वाट, प्रदर्शनाची टेबले आणि प्रकाश-ध्वनीचे टेबल यांना १८० धरावेत. उरलेल्या ७०० फुटांत, मधली वाट धरून माणशी सात फूट दिले, की शंभर प्रेक्षक बसतात. एकशे तीस कोंबले तर दाराकडची वाट बंद होते. विनामूल्य पास घेतलेले सगळे एरवी येत नाहीत, पण वर्धापनदिनाला गणित उलटते. येणारा बरोबर दोघांना आणतो. म्हणून एकच मोठा खेळ करण्याऐवजी दुपारी चार आणि संध्याकाळी साडेसात असे दोन करावेत. जुन्या प्रेक्षकांना दुपारचा सोयीचा पडतो. कल्याण-विरारकडे परतणाऱ्याचे लक्ष शेवटच्या अर्ध्या तासात घड्याळाकडे जात नाही.

सपाट जमिनीवर तिसऱ्या रांगेपासून नटाचे पाय दिसेनासे होतात, आणि जमिनीवर बसून होणारा प्रवेश तर पूर्ण हरवतो. उपाय जुना आहे: पुढे दोन रांगा सतरंजीवर, मग बुटके बाक, मग खुर्च्या, आणि शेवटच्या दोन रांगांच्या खुर्च्या एक फूट उंच लेव्हलवर (लाकडी चौथऱ्यावर). फक्त, जे १९८० साली सतरंजीवर मांडी घालून बसले त्यांचे गुडघे आता ते करू देत नाहीत. कडेच्या दहा-बारा खुर्च्या त्यांच्यासाठी राखाव्यात आणि सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर जिन्याशी दोन कार्यकर्ते उभे करावेत. पंखे बंद केल्याशिवाय संवाद ऐकू येत नाहीत, आणि बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. शंभर माणसे म्हणजे बंद खोलीत दहा किलोवॅटची शेगडी. मध्यंतर नसलेले नाटक दीड तासापलीकडे गेले तर मे महिन्यात कोणीतरी भोवळ येऊन बाहेर जाते.

दिवे आणि आवाज

जुना हॅलोजनचा १,००० वॅटचा पार कॅन (रंगमंचाचा डब्यासारखा दिवा) २३० व्होल्टला सुमारे ४.३ अँपिअर ओढतो. शाळेच्या १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर असे तीनच चालतात, चौथ्याने फ्यूज जातो आणि तो नेमका भरप्रयोगात जातो. बारा दिव्यांना ५२ अँपिअर लागतात, म्हणजे थ्री-फेज जोडणी किंवा जनरेटर. ३ वॅटच्या ५४ दिव्यांचा एलईडी पार १६२ वॅटचा असतो. असे बारा लावले तरी दोन किलोवॅटच्या आत भागते, म्हणून आता सगळे तेच मागवतात. पण जुन्या प्रकाशयोजनेत सावकाश विझणारा दिवा असेल तर घोटाळा होतो. हॅलोजन विझताना तांबूस होत जातो. स्वस्त एलईडी शेवटच्या टप्प्यात पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो आणि झटक्यात बंद होतो. तेवढ्या एका प्रसंगासाठी दोन-तीन हॅलोजन वेगळ्या सॉकेटवर ठेवावेत. ध्वनियंत्रणा त्या सॉकेटवर जोडू नये, नाहीतर दिवे मंद-प्रखर करणाऱ्या डिमरची घरघर स्पीकरमधून येते.

जुने पार्श्वसंगीत स्पूल किंवा कॅसेटवर सापडते. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते, आणि अशी टेप थेट यंत्रात घातली तर टेपही जाते, यंत्रही. आधी साफ करून घ्यावी आणि पहिल्याच वाजवण्यात तिचे रूपांतर करून ठेवावे, दुसरी संधी मिळेलच असे नाही. गती तपासायला पेटी जवळ ठेवावी. गाणे मूळ काळी एकमध्ये असून टेपवर पांढरी एकमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली, ऐकू आले, तर यंत्र हळू चालते आहे. हे सुटले तर प्रयोगात जिवंत गाणारा आणि टेप यांच्यात अर्ध्या सुराचे भांडण लागते.

संध्याकाळ

नटराजपूजन आणि नारळ प्रायोगिकवालेही चुकवत नाहीत, एरवी कितीही बंडखोर असले तरी. त्यानंतरचा सत्कार मात्र कार्यक्रम बुडवतो. चाळीस जुन्या कलावंतांना शाल-श्रीफळ द्यायला प्रत्येकी दोन मिनिटे धरली तरी ऐंशी मिनिटे जातात, म्हणजे एक अख्खा अंक. नावे पत्रिकेत छापावीत, सर्वांना जागच्या जागी उभे करावे, टाळ्या एकदाच. बॅकस्टेजची नावेही त्याच टायपात हवीत. पडदा ओढणारा आणि चहा सांभाळणारा यांची नावे विसरली तर ती चूक पुढच्या वर्धापनदिनापर्यंत ऐकावी लागते.

प्रयोगानंतर पंधरा मिनिटे चहा-वड्याला द्यावीत. छबिलदासच्या गल्लीतला बटाटावडा हा त्या चळवळीच्या इतिहासाचाच भाग मानला जातो. मग गप्पा, चाळीस मिनिटांच्या आत. सूत्रधाराने रंगमंचावर न बसता प्रेक्षकांत उभे राहावे आणि दोन फिरते माइक स्वतःच्या माणसांच्या हातात ठेवावेत. माइक प्रेक्षकाच्या हाती दिला की तो परत येत नाही आणि प्रश्नाचे भाषण होते. ‘कसे वाटले?’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘हे नाटक आधी कोणी, कुठे, कोणत्या साली पाहिले?’ असे विचारले की हात वर होतात. मग एक जण सांगतो की तेव्हा शेवटी दार उघडे राहायचे, दुसरा म्हणतो बंद व्हायचे, आणि दोन वेगळे शेवट खेळले गेले होते हे संस्थेला तेव्हाच कळते. हे सगळे ध्वनिमुद्रित करावे. बुजऱ्यांसाठी दाराशी पोस्टकार्डाएवढे कागद ठेवावेत: नाव, नाटक, साल, जागा, आठवण.

प्रदर्शनासाठी प्रेक्षकांनी आणलेली तिकिटे आणि कात्रणे ठेवून घेऊ नयेत. तिथेच छायाचित्र काढून परत द्यावीत, नाहीतर पुढच्या वेळी कोणी आणत नाही. संस्थेच्या स्वतःच्या कागदांना सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर नकोच. डिंक कागद पिवळा करतो, आणि तापवून चिकटवलेले प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. देणगीची पेटी ठेवल्यास पावतीपुस्तकही ठेवावे. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे.

इतरत्र

हाच दिवस निराळ्या रीतीने पाळणारेही आहेत. दिल्लीच्या ‘जन नाट्य मंच’ या पथनाट्य करणाऱ्या संस्थेवर (स्थापना १९७३) १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये पथनाट्य चालू असताना हल्ला झाला. संस्थेचे जखमी कलावंत सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी वारले. ४ जानेवारीला मंच तिथेच परतला आणि अर्धवट राहिलेले ‘हल्ला बोल’ पूर्ण केले. तेव्हापासून दर १ जानेवारीला कामगार आणि कलावंत झंडापुरात जमतात. इथे स्थापनेपेक्षा खंडित प्रयोगाचा दिवस मोठा झाला. प्रेक्षकाला सामील करून घेण्याच्या रीती वर्धापनदिनाबाहेरही सापडतात. ओडिन थिएटर ही नाट्यसंस्था १९६४ साली ऑस्लोत सुरू झाली आणि दोन वर्षांनी डेन्मार्कमधल्या होल्स्टेब्रोला गेली. त्यांनी १९७४ मध्ये दक्षिण इटलीत ‘विनिमय’ सुरू केला: नाटकाच्या मोबदल्यात गावकऱ्यांनी आपली गाणी, नाच दाखवायचे. अमेरिकेतील ब्रेड अँड पपेट (१९६३) ही नाट्यसंस्था प्रयोगानंतर प्रेक्षकांना घरी भाजलेला राईचा पाव लसणाच्या चटणीसारख्या लेपासह वाटते.

मराठीत लांब पल्ल्याच्या सादरीकरणाचा नमुना ‘आविष्कार’चाच आहे. १९९४ साली महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटके चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली मिळून नऊ तास सलग सादर झाली. महोत्सवात असे काही करायचे असेल तर जेवणाची सुट्टी तालमीतही त्याच लांबीची घेऊन पाहावी. पोटभर जेवलेल्या नटाचा पुढचा प्रवेश जड होतो, आणि जेवलेल्या प्रेक्षकाचाही.

शेवटचे काम नोंदवहीचे. तारीख, जागा, प्रयोगाचा एकूण क्रमांक, त्या दिवशीचा संच, बदली नट, मोजलेले प्रेक्षक आणि सुटलेले क्यू (दिवे-संगीताचे ठरलेले इशारे) त्याच रात्री लिहावेत, टेंपो भरायच्या आधी.