कलोपचारक

कलोपचारक : चित्र, मातीकाम, शिल्प अशा दृश्यमाध्यमांतून मानसोपचार करणारी प्रशिक्षित व्यक्ती. या व्यवसायाचा पाया बऱ्याच अंशी चित्रकारांनी घातला.

‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा सामान्यतः इंग्लिश चित्रकार एड्रियन हिल यांच्या नावावर, १९४२ च्या सुमारास नोंदवली जाते. १९३८ मध्ये क्षयरोगामुळे ते ससेक्समधील आरोग्यधामात होते. खाटेवर पडून त्यांनी भोवतालच्या वस्तू रेखाटल्या आणि पुढे इतर रुग्णांनाही चित्रे काढायला शिकवले. अमेरिकेत १९४० च्या दशकात मार्गारेट नॉमबर्ग यांनी मनोविश्लेषणाच्या आधारे स्वतंत्र मांडणी केली. त्या मूळच्या शिक्षणतज्ज्ञ. संज्ञेचे श्रेय हिल यांना आणि उपचारपद्धतीच्या सैद्धांतिक मांडणीचे नॉमबर्ग यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. मात्र चित्रकाराचा उपचारक कसा होतो, हे एडवर्ड ॲडमसन यांच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते. १९४६ पासून त्यांनी सरे परगण्यातील नेदर्न मनोरुग्णालयात चित्रशाळा चालवली. रुग्णाच्या चित्राचा अर्थ ते लावत नसत. साहित्य द्यायचे, सोबत राहायचे आणि चित्र घडू द्यायचे, ही त्यांची रीत.

व्हिएन्नात जन्मलेल्या चित्रकार ईडिथ क्रेमर यांनी न्यूयॉर्कमध्ये मुलांसोबत काम करताना ‘तिसरा हात’ ही संकल्पना मांडली. मुलाची मातीची आकृती मानेशी कलू लागली, तर उपचारकाने आधार कुठे द्यायचा ते दाखवावे; आकृती कशी असावी हे मुलानेच ठरवावे. मदत करताना स्वतःची शैली त्यात उतरू द्यायची नाही. वर्षानुवर्षे स्वतःचा हात घडवलेल्या चित्रकाराला हा संयम फार जड जातो, आणि या कामातले खरे कौशल्यही तेच आहे. नॉमबर्ग परंपरेत चित्रावरील संवादाला आणि क्रेमर परंपरेत निर्मितीच्या क्रियेला अधिक महत्त्व आहे. प्रत्यक्षात बहुतेक उपचारक दोन्हींचा आधार घेतात.

ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये, तर अमेरिकेत १९६९ मध्ये व्यावसायिक संघटना स्थापन झाल्या. ब्रिटनमध्ये आता हे पदनाम कायद्याने संरक्षित असून पदव्युत्तर शिक्षण व नोंदणी आवश्यक आहे. प्रशिक्षणात मानसशास्त्र आणि देखरेखीखालील काम असते. शिवाय प्रशिक्षणार्थ्याला स्वतःही मानसोपचार घ्यावे लागतात. रुग्णाचे चित्र ही उपचारातील गोपनीय सामग्री असल्याने त्याच्या संमतीशिवाय ते प्रदर्शनात मांडले जात नाही.