शिकून पुन्हा पाड्यावर : नर्सिंगच्या मुली गाव का निवडतात

नाशिकच्या दिंडोरी रोडवर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या परीक्षा आणि पदव्या इथलंच काम. त्याच रस्त्याने पुढे गेलं की दिंडोरी, वणी आणि मग सुरगाण्याचे डोंगर. विद्यापीठ १९९८ सालचं. त्या डोंगरातल्या उपकेंद्रांत एकट्या हाताने बाळंतपणं करणारी नर्स मात्र त्याच्या कितीतरी आधीची. नर्सिंग शिकलेली मुलगी शहरातलं हॉस्पिटल सोडून गावाकडे का जाते, हे विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : सेवाभाव. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. सेवाभाव तर नाशिकरोडच्या वॉर्डात रात्रपाळी करणारीकडेही असतो. गाव निवडण्यामागे सरकारी धोरणांचा सत्तरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि ती मुलगी मुळात कुठून आली याचा त्याहून मोठा वाटा आहे.

सुरुवातीला हा पेशा पूर्णपणे शहरी होता. मुंबईची मोठी रुग्णालयं, पुण्याचं ससून, मिरजेसारखी मिशन हॉस्पिटलं, एवढाच त्याचा नकाशा. पांढरपेशा मराठी घरांत तर मुलीने परक्या माणसाच्या जखमा धुवायच्या, रात्री घराबाहेर राहायचं, हे ऐकूनही घेत नसत. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंगचं शिक्षण मिळावं म्हणून खटपट केली, तेव्हा पुढे आल्या त्यांत विधवा बऱ्याच होत्या. ज्यांना घरात जागा नव्हती त्यांना या कामाने जागा दिली. खेड्यात तेव्हा सुईण होती आणि तिचा अनुभव होता, बाकी काही नव्हतं.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला, त्यातले आकडे आजही वाचवत नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स. त्यातल्या बहुतेक नर्सेस शहरात, म्हणजे खेड्याच्या वाट्याला जवळपास शून्यच. स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली. पण इमारत बांधणं सोपं, तिथे राहणारं माणूस आणणं अवघड. पूर्ण शिकलेली नर्स गावात येईना, म्हणून कमी मुदतीचा वेगळा अभ्यासक्रम काढला गेला : सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच एएनएम. त्याचा पहिला वर्ग १९५१ साली पंजाबात तरनतारनच्या एका मिशन रुग्णालयात भरला. माझ्या मते ग्रामीण नर्सिंगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. शहरातल्या नर्सला गावात ढकलण्याऐवजी गावातच राहील असं पद तयार केलं गेलं. दुय्यम म्हणून काढलेल्या या पदानेच पुढे कित्येक मुलींना घराबाहेरचा पहिला पगार दिला.

१९७३ साली कर्तारसिंग समितीने मलेरिया, देवी, कुटुंबनियोजन असे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून ‘बहुउद्देशीय’ आरोग्य कर्मचारी ही कल्पना मांडली आणि एएनएमच्या खांद्यावर सगळंच आलं. आज सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष आहे. कागदावर ३,००० कमी वाटतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरात ते पाड्यापाड्यांत विखुरलेले असतात, एक पाडा या टेकडीवर तर दुसरा नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की लसीकरणाचं सत्र ठेवायचं कसं, याचा निकाल उपकेंद्रातली सिस्टरच लावते. आइसपॅक घातलेला व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला, आशाताई पुढे, आणि पाण्याचा अंदाज घेत पलीकडे. पोरांना डोस द्यायचे, गरोदर बाईचं बीपी घ्यायचं, वजन करायचं, माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद करायची, आणि परत येऊन तेच सगळं रजिस्टरमध्ये आणि टॅबवर पुन्हा भरायचं. या दुबार नोंदींवर कुठल्याही एएनएमला बोलतं करून बघा, अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

हे बहुउद्देशीय पद आलं त्या काळातली एक बाजू मात्र विसरून चालणार नाही. कित्येक वर्षं ही सिस्टर गावात आली की लोकांना आधी ऑपरेशन आठवायचं. कुटुंबनियोजनाची टार्गेटं वरून यायची, आणीबाणीत तर त्यांचा अतिरेकच झाला. टार्गेट पूर्ण नाही म्हणून बोलणी खायची आणि गावात अविश्वासही सोसायचा. १९९६ साली ती पद्धत औपचारिकपणे बंद झाली, पण पुसलेली ओळख परत मिळवायला या बायकांना पुढे खूप वेळ लागला. तोवर ही नोकरी कुणी हौसेने निवडली असं म्हणणं धाडसाचं ठरेल. बहुतेकींसाठी ती मिळालेली सरकारी नोकरी होती, बस्स.

निवड म्हणावी असं काही सुरू झालं ते स्थानिक मुली बारावीपर्यंत पोचायला लागल्यावर. आश्रमशाळांनी आणि वसतिगृहांनी ते घडवलं, त्यांच्या सगळ्या उणिवांसकट. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल घरातली मुलगी बारावी होते, तेव्हा तिच्यापुढे डी.एड., पोलीस भरती आणि नर्सिंग असे मोजकेच रस्ते दिसतात. नर्सिंगचा फायदा असा की पाड्यावर तिने सिस्टर पाहिलेली असते. तिची नोकरी कशी असते, पगार कुणाचा, क्वार्टर कुठे, सगळं ठाऊक असतं. शिवाय बाळंतीण घाबरली की तिच्याशी घरच्या बोलीत बोलता येतं, आणि हे कुठल्या कॉलेजात शिकवून येत नाही.

जगभरचा अनुभवही याच बाजूचा आहे. दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी कसे टिकतील, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली शिफारशी केल्या आणि २०२१ मध्ये त्या नव्याने मांडल्या. ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, कॉलेजं मोठ्या शहरांबाहेर काढा, शिकतानाच गावात पाठवा, आर्थिक आधार द्या, असा त्यांचा रोख. शेजारच्या अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवून हेच करून दाखवलं होतं. नाशिकचं म्हणाल तर पहिला सल्ला थोडाफार पाळला गेला, दुसरा फारसा नाही. नर्सिंग कॉलेजांची दाटी शहरात आणि शहरालगतच आहे.

तिसरा सल्ला, शिकतानाच गावात पाठवण्याचा, अभ्यासक्रमात होताच. कम्युनिटी पोस्टिंग हा प्रत्येक नर्सिंगच्या मुलीच्या आठवणीतला भाग. कम्युनिटी बॅग घेऊन घरोघर फिरायचं. कुणाच्या घरात शिरलं की आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे, मग एप्रन. बॅगेतून लागेल तेवढंच काढायचं, वापरलेलं वेगळं ठेवायचं. परीक्षानळीत लघवी तापवून अल्ब्युमिन बघायचं, बेनेडिक्टच्या द्रावणाने साखर. शहरातल्या मुलींना हे सगळं जुनाट वाटतं, आणि काही अंशी ते आहेही. पण याच पोस्टिंगमध्ये एक गोष्ट लक्षात येते. वॉर्डात डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय पान हलत नाही. इथे मात्र आजीचं बीपी वाढलंय, तिला आजच केंद्रावर न्यायचं की उद्या, हे ठरवण्यात नर्सच्या शब्दाला वजन असतं. स्वतःच्या डोक्याने काम करायची ही चव काहींना लागते. गाव निवडण्यामागचं हे कारण आपण फार कमी बोलतो. सेवाभावाच्या भाषणात ते बसत नाही ना.

सरकारनेही ती चव उशिरा का होईना ओळखली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशा आल्या, उपकेंद्रात कंत्राटी दुसरी एएनएम आली. मग २०१८ च्या अर्थसंकल्पात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रांची घोषणा झाली आणि समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे नवं पद निघालं. महाराष्ट्रात सुरुवातीला आयुर्वेदाच्या पदवीधरांना घेतलं, पुढे सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांनाही. उपकेंद्रात बसून मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण तपासायचे, ठरलेली औषधं द्यायची. पदवीधर नर्सला गावात एवढा अधिकार याआधी कधी मिळाला नव्हता. एरवी आयसीयू, मुंबई किंवा आखातात जाणाऱ्या मुलींपैकी काहीजणी यामुळे पुन्हा तालुक्याकडे वळल्या.

पण सीएचओ कंत्राटी. मासिक मानधन आणि त्यावर कामगिरीचा मोबदला, दरवर्षी नूतनीकरणाची धाकधूक. अभियानात दहा वर्षं काम केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत समायोजित करण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ मध्ये राज्यभर संप करावा लागला.

कायमच्या जागांची कथा आणखी गुंतागुंतीची, आणि तिचं केंद्र नाशिकच आहे. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्याबरोबर एएनएमची पदंही स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखीव झाली. पेठ, सुरगाणा, कळवणच्या मुलींसाठी याचा अर्थ सरळ होता : आपल्याच तालुक्यात, आपल्याच लोकांत, जिल्हा परिषदेची नोकरी. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि भरती अडकली. निवड झालेले उमेदवार नेमणुकीची वाट बघत राहिले. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच असल्याने आंदोलनंही इथेच झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये माजी आमदार जे. पी. गावित यांचं उपोषण त्यातलंच. मग सरकारने न्यायालयाच्या निकालाच्या अधीन राहून तात्पुरत्या मानधनावर नेमणुका द्यायचा मार्ग काढला. म्हणजे गावात काम करायला शिकलेली, तयार असलेली मुलगी आहे, उपकेंद्रात खुर्चीही रिकामी आहे, आणि तरी तिला कायमची ऑर्डर नाही. अशी मुलगी वर्षभर थांबते, फार तर दोन वर्षं. त्यानंतर नाशिकच्या एखाद्या खासगी हॉस्पिटलात ती रुजू झाली, तर गावाला तिची आवड नव्हती असं म्हणायचा हक्क कुणाला पोचत नाही.