खारबांध, खेकडा आणि उपग्रहातला स्विच

कोकणात खाडीकाठी खारबांध फुटला की पहिला संशय खेकड्यावर. बोटभर बिळाने काय होणार, असं वाटतं. ओहोटीला काही होतही नाही. पण अमावास्येच्या उधाणाला पाणी चढलं की ते त्याच बिळातून घुसतं, माती खात वाट रुंद करतं आणि सकाळी भातशेतीत खारं पाणी. उपग्रहातले पॉवर मॉसफेट जळतात ते काहीसे असेच.

मॉसफेट म्हणजे विजेचा स्विच, सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होणारा. सौरपट्ट्यांची वीज बॅटरीत भरणं, मग एकेका यंत्राला हवी तशी पुरवणं, हे काम त्याचं. मच्छीमार बोटींवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत निरोप देणारी-घेणारी यंत्रं, बसवण्याच्या योजनेचं उद्घाटन ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला झालं. खोल समुद्रातल्या तांडेलापर्यंत वादळाचा निरोप पोचवणारा उपग्रहही अशाच स्विचांच्या जिवावर असतो.

स्विच बंद असतो तेव्हा एका बाजूला समजा १०० व्होल्ट थोपवलेले, दुसरीकडे शून्य. अशात वैश्विक किरणांमधलं लोखंडासारखं जड अणुकेंद्रक सिलिकॉनमधून आरपार गेलं की मागे मोकळ्या विद्युतभारांची रेघ उमटते. एरवी ती क्षणात पुसली जाते. पण विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त असेल तर मॉसफेटच्या रचनेतच दडलेला, कुणालाही नको असलेला एक ट्रान्झिस्टर जागा होतो, प्रवाह वाढतच जातो आणि स्विच वितळतो. गंमत म्हणजे स्विच चालू असताना हा धोका जवळजवळ नाहीच. उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीचं, दार वर असलं की दोन्हीकडे पाणी सारखंच. मग बिळाला कोण विचारतो?

जाड अ‍ॅल्युमिनियमचं कवच इलेक्ट्रॉन अडवतं, हे जड कण त्याला जुमानत नाहीत. म्हणून प्रवेगकात, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करून स्विच किती व्होल्टला फुटतो ते आधी बघायचं आणि त्याच्या बरंच खाली थांबायचं. इलेक्ट्रिक मोटारींत गाजणारा सिलिकॉन कार्बाइड इथे तोंडघशी पडतो: जड आयनांपुढे तो छापील व्होल्टेजच्या निम्म्याच्याही आत फुटू शकतो. जुन्या सिलिकॉनचा भाव त्यामुळे अजून टिकून आहे, आणि मला ते आवडतं.

दुसरं नुकसान सावकाश होतं. स्विचच्या गेटखाली, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाखाली, ऑक्साइडचा पातळ थर असतो; त्यात धनभार अडकत जातो आणि स्विच बंद केला तरी वीज झिरपत राहते. उघाडीच्या फळ्यांवर कालवं चढून दार नीट बसू नये, तसं.

गुरूच्या युरोपा या चंद्राच्या अभ्यासासाठी बनवलेलं नासाचं युरोपा क्लिपर यान निघायच्या काही महिने आधी कळलं, की त्यातले मॉसफेट अपेक्षेपेक्षा कमी किरणोत्सारात बिघडतात. चार महिने रात्रंदिवस चाचण्या झाल्या. आधार मिळाला तो यानाच्या मार्गाचाच: गुरूभोवतीच्या फेरीत साधारण एक दिवस तीव्र किरणोत्सार, मग वीसेक दिवस बाहेर. तेवढ्या वेळात थोडी ऊब मिळाली की अडकलेला भार सुटतो, स्विच बराचसा सावरतो. यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं. २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. सोबत एका पेटीत पाळतीपुरते काही मॉसफेट दिले आहेत. कालवं कितपत चढली, ते त्यांच्यावरून कळेल.