शाश्वत ई-कचरा व्यवस्थापन (विशेष संदर्भ : नागपूर)

टाकाऊ विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील उपयुक्त धातू परत मिळवणे आणि त्यांतील विषारी द्रव्ये माती, पाणी व हवेत मिसळू न देणे, अशी ही दुहेरी प्रक्रिया आहे. २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, पैकी २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन त्याचे पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे.

ई-कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय नियमनाचा आरंभ सामान्यतः १९८९ च्या बाझल करारापासून (घातक कचऱ्याच्या देशोदेशींतील वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा करार) धरतात. मात्र या कचऱ्याची स्वतंत्र नोंद (क्रमांक ए ११८०) करारास १९९८ मध्ये जोडलेल्या परिशिष्टात आली. त्यामुळे तेच साल अधिक ग्राह्य वाटते. भारतातील पहिले स्वतंत्र नियम २०११ चे असून ते १ मे २०१२ पासून लागू झाले.

नागपुरात जुना माल बहुधा प्रथम कबाड्याकडे जातो. तो वजनावर घेतो, स्क्रू काढून सुटे करतो, रॅमची (संगणकाच्या स्मृतिपट्टीची) सोनेरी कड कातरून वेगळी ठेवतो. हाताने सुटे करण्यात मौल्यवान धातू कमी वाया जातात. यंत्राने भरडल्यास ते भुकटीत हरवतात. धोका पुढच्या टप्प्यात आहे. तांब्यासाठी पीव्हीसी या क्लोरिनयुक्त प्लास्टिकच्या आवरणाची वायर उघड्यावर जाळली, की साधारण २०० ते ४५० अंश से. तापमानाला क्लोरिनापासून डायॉक्सिने ही अतिविषारी संयुगे बनतात आणि तांबेच त्या विक्रियेला चालना देते. सोन्यासाठी सर्किट बोर्ड अम्लराजात (सोने विरघळवणारे तीव्र आम्लमिश्रण) बुडवल्यास उरलेले आम्ल बहुधा गटारात जाते. म्हणून सुटे करणे स्थानिक ठेवावे व धातुशुद्धी नियंत्रित भट्टीत करावी, हे मत अधिक पटणारे आहे. कबाड्याला वगळून हे साधणार नाही.

नागपुरातील नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, स्थापना १९५८) पर्यावरण अभियांत्रिकीसाठी, तर वाडी येथील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र त्या धातूच्या अभ्यासासाठी ओळखले जाते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत निर्माता (वस्तू बनवणारा), उत्पादक (ती आपल्या नावाने विकणारा किंवा आयात करणारा), नूतनीकरण करणारा व पुनर्चक्रण करणारा अशा चौघांचीच नोंदणी होते. सुटे करणाऱ्याचे २०१६ च्या नियमांतील स्वतंत्र स्थान गेले, ही मोठी उणीव होय. उत्पादकाच्या जबाबदारीची प्रमाणपत्रे (ठरलेले पुनर्चक्रण झाल्याचा पुरावा म्हणून तो पुनर्चक्रण करणाऱ्याकडून घेतो ती) सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम यांवर बेतलेली आहेत. डबा टीव्हीतील (काचेच्या चित्रनळीच्या जुन्या टीव्हीतील) तांब्याची कॉइल त्यामुळे विकली जाते. सुमारे २० ते २५ टक्के लेड ऑक्साइड (शिशाचे विषारी संयुग) असलेली चित्रनळीची मागची काच मात्र कोणालाच नको असते.